शेंदूर फासण्याआधी: वरोऱ्याचा दगड आणि डायनासोरच्या काळातली कासवं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वरोरा तालुक्यात आमचं शेत आहे. नांगरताना दीड फूट लांबीचा, कासवाच्या पाठीसारखा फुगीर दगड निघाला. वर चौकोनी-पंचकोनी रेघा आहेत. शेजारचे म्हणतात देवाचं कासव आहे, शेंदूर लावून पारावर ठेवू. मुलगा म्हणतो हे डायनासोरच्या काळातलं कासव आहे, कारण आपल्याच भागात डायनासोर सापडलेत. त्या काळात खरंच कासवं होती का? हे त्यातलंच आहे का? आणि याला काही किंमत येते का? फोटो पाठवतो आहे."

तुमच्या मुलाचं निम्मं बरोबर आहे. त्या काळात कासवं होती आणि तुमच्या तालुक्यात तर नक्कीच होती. पण फोटोतला मोठा दगड कासव नाही. फोटोत आणखी एक गोष्ट मला दिसली आहे, तिच्याकडे शेवटी येतो. तिथपर्यंत कृपा करून काही फेकू नका आणि काही धुऊ नका.

दगडाचा निकाल आधी लावून टाकतो. पुराजीवशास्त्राच्या धंद्यात तीसेक वर्षं काढल्यावर एक गोष्ट माझ्या अंगवळणी पडली आहे: कासवासारखं दिसतं ते बहुधा कासव नसतं, आणि जे खरं कासव असतं ते फुटक्या खापरासारखं दिसतं. मी नवशिका असताना असाच एक "कासव" दगड पाठीवर मारून पाच किलोमीटर चालत आणला होता. मार्गदर्शकांनी तो हातात घेतला, उलटा केला, आणि चहाच्या पातेल्याखाली टेकू म्हणून लावून दिला. पुढे काहीच बोलले नाहीत. हंगाम संपेपर्यंत तो तिथेच होता.

असे दगड होतात दोन प्रकारांनी. बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, हवापाण्यानं झिजताना कांद्यासारखे पापुद्रे टाकतो. कोपरे आधी झिजतात, मधला गाभा गोल उरतो. विदर्भात विहीर खणताना मुरमात असे गोटे शेकड्यांनी निघतात. दुसरा प्रकार म्हणजे मातीच्या थरात चुनखडीचा साका एका बिंदूभोवती जमत जाऊन झालेला गोळा. असा गोळा आतून आक्रसला की त्याला भेगा पडतात, आणि त्या भेगांत पांढरा कॅल्साइट भरतो. वरचा भाग झिजला की त्याच भेगांचं जाळं पृष्ठभागावर दिसू लागतं, अगदी कासवाच्या पाठीवरच्या चौकटींसारखं. तुमचा दगड या दुसऱ्या जातीचा वाटतो. फोटो मोठा करून पाहिला तर रेघा पांढरट आहेत आणि आजूबाजूच्या दगडापेक्षा किंचित वर आल्या आहेत. खऱ्या कासवाच्या हाडावर खवल्यांच्या कडांच्या ज्या खुणा उरतात त्या खोल असतात, बोटाच्या नखाला लागणाऱ्या बारीक चरासारख्या. त्या वर उठलेल्या नसतात.

शिवाय डावी-उजवी बाजू जुळत नाही. तुमच्या दगडावर एका बाजूला मोठा पंचकोन आहे, दुसऱ्या बाजूला तीन लहान तुकडे. कासवाच्या पाठीवर मोठे खवले 13 असतात: मधल्या ओळीत पाच, आणि दोन्ही बाजूंना चार-चार. काही जातींत एखादा कमीजास्त होतो, पण डावं-उजवं बहुधा जमतं. भेगा मात्र कुठेही जातात.

आता त्या काळात कासवं होती का. डायनासोर आणि कासवं साधारण एकाच सुमारास, ट्रायासिक काळात, पृथ्वीवर आली. चीनच्या ग्वीचौ प्रांतात 22 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात ओडोन्टोकेलिस नावाचा प्राणी सापडला, त्याचं वर्णन 2008 साली प्रसिद्ध झालं. त्याच्या तोंडात दात होते आणि कवच फक्त पोटाला होतं. पाठीवर नुसत्या रुंदावलेल्या बरगड्या. म्हणजे पाठ झाकायच्या आधी पोट झाकलं गेलं. हे कळल्यावर आमच्यातल्या बऱ्याच जणांना आपली जुनी टिपणं फाडावी लागली. जर्मनीतला पॅपोकेलिस त्याहूनही जुना, 24 कोटी वर्षांचा, 2015 साली वर्णन झालेला. त्याला पूर्ण कवच नव्हतं, पण पोटाखालच्या बरगड्या जाड होऊन एकमेकींना चिकटू लागल्या होत्या. जर्मनीतच सुमारे 21 कोटी वर्षांपूर्वीचा प्रोगॅनोकेलिस आहे. त्याला पूर्ण कवच आहे, पण मान आत ओढता येत नव्हती, म्हणून मानेवर काटे होते. चिनी डायनासोर, आफ्रिकी डायनासोर यांची चित्रं काढताना चित्रकार कासवाला विसरतात, पण तळ्याकाठी ते बसलेलंच असायचं.

हे कवच म्हणजे कासवाचं घर नव्हे, त्याचं शरीरच आहे. कार्टूनमध्ये कासव कवचातून बाहेर येऊन नागडं पळतं, तो निव्वळ विनोद. कण्याचे मणके आणि बरगड्या रुंद होऊन एकमेकांना चिकटतात आणि त्यांचीच पाठ बनते. त्यामुळे खांद्याचं हाड बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आत गेलेलं आहे. दुसऱ्या कुठल्याही कणाधारी प्राण्यात असं नाही. स्वतःच्या खांद्याला हात लावून पाहा: तुमचं ते हाड बरगड्यांच्या वर आहे. कासवाचं आत आहे.

जीवाश्म ओळखायला हीच गोष्ट कामाला येते. पाठीच्या कवचात पन्नासेक हाडं असतात: मानेमागचं एक रुंद हाड, मधे कण्याला जोडलेली षटकोनी हाडं, दोन्ही बाजूंना बरगड्यांपासून झालेल्या आठ-आठ लांब पट्ट्या, आणि कडेभोवती किनारीची हाडं. पोटाचं कवच साधारण नऊ हाडांचं, आणि काही कुळांत आणखी दोन. ही हाडं करवतीच्या दातांसारख्या शिवणींनी एकमेकांत गुंतलेली असतात. प्राणी मेला, कातडी कुजली, वरचे नखासारखे खवले गळून गेले, की शिवणी सुटतात आणि पाण्याचा एक लोट आला की सगळी हाडं विखुरतात. म्हणून एका कासवाचे साठ तुकडे होतात आणि शेतकऱ्याला त्यातला एखादा मिळतो. अख्खं कासव मिळायला चिखलानं त्याला पटकन गाडावं लागतं. चीनमधल्या शिनच्यांगमध्ये असं एकदा घडलं: 16 कोटी वर्षांपूर्वीच्या एका आटत्या डबक्यात कासवं गोळा झाली, डबकं सुकलं, आणि अंदाजे 1,800 कासवं एकावर एक तिथेच दगड झाली. उन्हाळ्यात नाल्यातल्या शेवटच्या डोहात मासे कसे गोळा होतात ते तुम्ही पाहिलं असेल, तसंच.

खरा तुकडा कसा दिसतो ते सांगतो. आकार साधारण तळहाताएवढा किंवा त्याहून लहान, जाडी काही मिलिमीटरपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत. रंग त्या थराचा: तुमच्याकडच्या लाल-हिरव्या मातीत तपकिरी, पिवळसर किंवा जांभळट. तुटलेली कड पाहा. तिथे पावासारखी रचना दिसते: वर आणि खाली घट्ट थर, मधे जाळीदार. मातीच्या भांड्याच्या खापरात असं कधीच नसतं. खापराच्या कडेत मधला भाग फार तर काळपट दिसतो, पण जाळी नसते. कड जर तुटलेली नसून शिवणीची असेल, तर तिच्यावर बारीक दाते दिसतात. एका बाजूवर खवल्याचा चर असतो. आणि सगळ्यात खात्रीची गोष्ट ही: चर आणि हाडांची शिवण एकाच जागी येत नाहीत. गवंडी विटांचा जोड खालच्या जोडावर येऊ देत नाही ना, तसंच. एका जाळ्याची चौकट दुसऱ्याच्या जोडावरून जाते. दोन जाळी एकमेकांवर सरकलेली दिसली की शंका उरत नाही.

बरगडीच्या पट्टीला आतल्या बाजूनं एक लांबट उंचवटा असतो, ती मूळ बरगडी. किनारीचं हाड आडवं तोडलं तर इंग्रजी व्ही अक्षरासारखं दिसतं. मगरीच्या पाठीच्या पट्टीवर खोल खळगे आणि मधे वर आलेली धार असते. त्यात आणि कासवात गोंधळ होतो, पण मगरीला शिवणीचे दाते क्वचित असतात आणि चर तर नसतोच. डायनासोरच्या अंड्याचं कवच फार पातळ, एक ते तीन मिलिमीटर, वर पुळ्या असलेलं. ते वेगळं ओळखू येतं.

जीभ लावून बघण्याची जुनी पद्धत तुम्ही ऐकली असेल. हाड छिद्राळ असतं म्हणून जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. पद्धत खरी आहे, पण तुमच्या भागात वापरू नका. कारण पुढे येतंच.

तुमच्याच तालुक्यात पिसदुरा गाव आहे. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून ज्यांना लमेटा म्हणतात ते थर तिथे आहेत, दख्खनच्या लाव्ह्याच्या लगेच खालचे, सुमारे 6 कोटी 60-70 लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनासोरांच्या अगदी शेवटच्या दिवसांतले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 19व्या शतकाच्या मध्यात या भागातली हाडं गोळा केली होती. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. शेजारच्या डोंगरगावच्या टेकडीवर 1980 च्या दशकात लांब मानेचा एक डायनासोर उकरून काढला गेला. त्याचं नाव आज आयसीसॉरस. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. आणि पिसदुऱ्याच्या शेतांत जे दगड सगळ्यात जास्त सापडतात ते म्हणजे विष्ठाश्म: डायनासोरांच्या शेणाचे दगड. 2005 साली त्यांच्यातून गवताचे सूक्ष्म कण ओळखले गेले, आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं हा पाठ्यपुस्तकातला सिद्धान्त मोडीत निघाला. तर जीभ कशाला लावायची आणि कशाला नाही, हे पिसदुऱ्यात ठरवणं अवघड आहे.

याच थरात कासव आहे. पुराजीवशास्त्रज्ञ एस. एल. जैन यांनी 1977 साली पिसदुऱ्याच्या कासवाचं वर्णन केलं आणि त्याला कार्टेरेमिस पिसदुरेन्सिस नाव दिलं. नावातलं कार्टेरेमिस हे तुमच्याकडचं नाही, मुंबईचं. त्याची गोष्ट थोडी लांब आहे, पण मला फार आवडते म्हणून सांगतोच. हेन्री जॉन कार्टर नावाचे डॉक्टर मुंबईत होते, दगडांचे वेडे. 1852 साली त्यांनी मुंबई बेटावर लाव्ह्याच्या दोन थरांमधे सापडलेल्या एका कासवाला टेस्टुडो लेइथी म्हटलं. ते दुसऱ्या एका डॉक्टरांनी, लेइथ यांनी, मिळवलं होतं. नंतर कुणीतरी ते दक्षिण अमेरिकेतल्या हायड्रास्पिस गटात ढकललं. कित्येक दशकं ते तिथेच राहिलं, आणि 1953 साली अर्नेस्ट विल्यम्स यांनी ते वेगळ्याच कुळातलं आहे हे दाखवून कार्टेरेमिस हे नाव ठेवलं, कार्टरांच्या नावानं. पिसदुऱ्याच्या कासवाला जैनांनी याच नात्यात बसवलं. पुढे 1980 च्या दशकात डोंगरगावहून कवचाचे आणखी तुकडे मिळाले, मतं बदलली, कासव इकडून तिकडे फिरलं. आणि 2020 साली पिसदुरा परिसरातल्या जुन्या सगळ्या संग्रहाची पुन्हा तपासणी झाली तेव्हा त्याला स्वतःचं वेगळं नाव मिळालं: जैनेमिस पिसदुरेन्सिस. जैनांचंच नाव. वरोऱ्याच्या कासवाच्या वैज्ञानिक नावात एक गाव आणि एक माणूस असे दोन्ही आहेत.

जैनेमिस कुठल्या जातीचं कासव होतं ते समजून घ्यायला हवं, कारण इथे एक गंमत आहे. आजची कासवं मान आत घेण्याच्या दोन तऱ्हांवरून दोन गटांत पडतात. एक गट मान इंग्रजी एस अक्षरासारखी उभी दुमडून सरळ आत ओढतो. तुमच्या वर्धा आणि वैनगंगेतली सगळी कासवं, वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणारी ऑलिव्ह रिडली, जमिनीवरचं स्टार कासव, सगळी याच गटातली (समुद्री कासवं मान पुरती आत घेऊ शकत नाहीत, ती सवय त्यांनी सोडली). दुसरा गट मान आडवी वळवून कवचाच्या कडेखाली ठेवतो, जसा आपण थंडीत शाल खांद्यावरून ओढून गाल टेकवतो. यांना बाजूमान कासवं म्हणू. ही आज मुख्यतः दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत आहेत. भारतात आज एकही नाही. आपल्याकडे गोड्या पाण्यातली आणि जमिनीवरची मिळून 29 च्या आसपास जाती आहेत; त्यांत एकही बाजूमान नाही.

आणि डायनासोरांच्या शेवटच्या काळात भारतातली जी कासवं नीट ओळखली गेली आहेत, ती बाजूमान आहेत. जैनेमिसही.

याचं कारण भारताच्या प्रवासात आहे. त्या वेळी भारत आशियाला चिकटलेला नव्हता. सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी तो मादागास्करपासून सुटला आणि उत्तरेकडे एकटा सरकत होता, दक्षिणेकडच्या खंडांचं सामान सोबत घेऊन. बाजूमान कासवं हे त्या सामानातलंच. तामिळनाडूत अरियलूर भागातल्या कल्लमेडूच्या थरात याच गटाचं एक कासव मिळालं, त्याचं नाव कूर्मडेमिस, 2001 साली ठेवलेलं. नावाचा अर्थ मराठी माणसाला कुणी सांगायला नको: कूर्म. मुंबईतून सांकुचेमिस, 2003 साली. आणि मादागास्करमधून किंकोनीकेलिस, 2009 साली. ही चारही, जैनेमिस धरून, एकाच छोट्या उपकुळात बसतात. समुद्र मधे आला तरी वंश एकच होता हे त्यांच्या कवटीच्या हाडांवरून दिसतं. कुटुंबातल्या दोन भावांत वाटणी झाली तरी नाकाची ठेवण तीच राहते, तसं.

उत्तरेची, आशियाची कासवं, मऊ पाठीची जात धरून, भारतात आली ती भारत आशियाच्या जवळ पोहोचल्यावर. म्हणजे आज वैनगंगेत पोहणारं मऊ पाठीचं कासव हे पिसदुऱ्याच्या कासवाचं वंशज नव्हे, नंतर आलेलं बिऱ्हाड आहे. जैनेमिसचे दूरचे नातलग आज अमेझॉन, ओरिनोको आणि मादागास्करच्या नद्यांत आहेत.

बाजूमान कासवाचा तुकडा ओळखायला हाताशी दोन खुणा आहेत. एक, या गटात कमरेचं हाड पोटाच्या कवचाला पक्कं चिकटलेलं असतं. त्यामुळे पोटकवचाच्या मागच्या टोकाच्या हाडावर आतून गोल-लांबट खरबरीत डाग दिसतात, जिथे कंबर जोडलेली होती. दुसऱ्या गटात कंबर सुटी असते, डाग नसतात. दोन, पोटकवचाच्या दोन्ही कडांना मधोमध बटणासारखं एक छोटं जास्तीचं हाड. तेच ते मघाशी म्हटलेले "आणखी दोन". जैनेमिसच्या नातलगांमधे ते असतं. खिशात मावेल एवढा एक तुकडा हातात आला तरी यावरून खंडांच्या प्रवासापर्यंत बोलता येतं, म्हणूनच आम्ही मोठ्या गोट्यांकडे न बघता वाकून तुकडे वेचतो.

पिसदुऱ्यात अख्खी कवचं का मिळत नाहीत असं विचारतात. तो भाग त्या वेळी निमकोरडा होता, पावसाळी नद्या, उथळ तळी, मधेच दलदल. हाडं वाहून येत, चिखलात फुटत, उन्हात पडून राहत. आता तिथे शेती आहे. दीडशे वर्षं लोक वेचत आले आहेत. वर पडलेलं मोठं उरलेलं नाही. पावसाळ्यानंतर ओघळीत नवा तुकडा उघडा पडतो, तो आधी शेतकऱ्याच्या पायाखाली येतो, मग आमच्या.

भारतातलं सगळ्यात जुनं चांगलं कासव मात्र तुमच्या दक्षिणेला आहे. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे. त्याच्या नावाचे कोटा थर तिथून पलीकडच्या तेलंगणातही पसरलेत. त्या थरातून इंडोकेलिस स्पॅच्युलाटा या कासवाच्या कवचाचं वर्णन 2000 साली प्रसिद्ध झालं. वय सुमारे 18 कोटी वर्षं, ज्युरासिक काळ. त्याच थरात बारापासॉरस या भारी डायनासोरची हाडं निघाली आहेत. तो बारापासॉरस पाणी प्यायला यायचा त्या पाण्यात हे कासव होतं असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. मुलाला एकदा दाखवून आणा. तिथल्या झाडांच्या खोडांचे दगड बघितले की तुमच्या गोट्याचा मोह आपोआप सुटेल.

"सगळ्यात मोठं कासव कुठलं" हे मुलं विचारतातच, म्हणून एका ओळीत: आर्केलॉन, अमेरिकेच्या साउथ डाकोटातून, 1896 साली वर्णन झालेलं, सुमारे साडेचार मीटर लांबीचं, समुद्रातलं. शिवालिक टेकड्यांतलं प्रचंड भूचर कासव भारतीय खरं, पण ते डायनासोर संपल्यानंतर कित्येक कोटी वर्षांचं. लोक त्याला कूर्मावताराच्या कथेशी जोडतात. कथा सुंदर आहे, पण काळ जुळत नाही.

मग डायनासोर गेले आणि कासवं कशी राहिली? 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या चिक्शुलूबला उल्का आदळली; त्याच काळात आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता. उत्तर अमेरिकेतल्या हेल क्रीकच्या थरांत गोड्या पाण्यातल्या कासवांचे बहुतेक वंश उल्केच्या काळच्या रेषेच्या वर, म्हणजे नंतरच्या थरांतही दिसतात, डायनासोर मात्र नाहीत. अभ्यासक जे कारण देतात ते मला पटतं: जमिनीवरची साखळी हिरव्या पानांवर उभी होती; धूळ आणि अंधारानं ती पानं गेली की वरचे सगळे कोसळले. तळ्यातली साखळी बरीचशी कुजक्या पाचोळ्यावर उभी होती. शिवाय कासव सावकाश जगतं, थोडं खातं, आणि चिखलात दडी मारून महिने काढू शकतं. आपल्याकडे याचा सुंदर पुरावा लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात आहे: नागपूरच्या टाकळीच्या थरात आणि मुंबईच्या थरात कासवांची हाडं मिळतात. दोन प्रवाहांच्या मधल्या शांत काळात तळं साचलं की कासव हजर. मुंबईच्या त्या थरांना पूर्वी डायनासोर-काळातले मानत; अलीकडे ते त्यानंतरचे आहेत असं मत बळावलं आहे. म्हणजे कार्टरांचं ते मुंबईचं कासव उल्केनंतरच्या जगातलं असण्याची शक्यता आहे.

किंमतीचं एका वाक्यात: विकायला जाऊ नका, तुमच्या मोठ्या दगडाला किंमत नाही, आणि खऱ्या तुकड्याची किंमत तो कुठून, कुठल्या थरातून निघाला या माहितीत असते, जागा हरवली की तो नुसता दगड राहतो. शेंदराचं तुमचं तुम्ही ठरवा. देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असतंच. हा कॅल्साइटचा गोळा तिथे बसला तर माझी हरकत नाही. फक्त खालचं सांगतो तेवढं आधी करा.

तुमच्या फोटोत मोठा दगड कलू नये म्हणून त्याच्या डाव्या बाजूला दोन चपट्या तुकड्यांचा टेकू दिला आहे. वरच्या तुकड्याची जी कड कॅमेऱ्याकडे आहे तिच्यात मधे जाळी आहे, आणि वर-खाली घट्ट थर. पृष्ठभागावर एक बारीक चर आडवा गेलेला दिसतो. जाडी, शेजारच्या काडेपेटीवरून, एक सेंटिमीटरच्या आत आहे. फोटोवरून मी खात्री देत नाही, पण तीस वर्षांत ज्या गोष्टीसाठी मी उन्हात वाकलो ती अशीच दिसते.

तर असं करा. मोठा दगड उचलून बाजूला ठेवा, तुकडे दोघेही हातानं काढा. घासू नका, तारेचा ब्रश नको, चिंच-लिंबू नको, फेविक्विक तर मुळीच नको. ज्या जागी ते मिळाले ती जागा आठवत असेल तर तिथे उभं राहून मोबाइलवरचं लोकेशन जपून ठेवा, आणि माती कुठल्या रंगाची होती ते वहीत लिहा: काळी, लाल की हिरवट. शेतात अजून असतील तर ते जागेवरच राहू द्या, खणू नका. मग प्रत्येक तुकड्याचे चार फोटो: वरून, खालून, आणि दोन कडांचे, शेजारी पट्टी ठेवून. तेच फोटो नागपूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात किंवा नागपूरच्याच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागीय कार्यालयात दाखवता येतील; मलाही पाठवा. खालच्या बाजूच्या फोटोत मला एकच गोष्ट बघायची आहे: एक लांबट उंचवटा आहे का, की खरबरीत गोल डाग. उंचवटा असेल तर पाठ, डाग असेल तर पोट.